कडुलिंबातला पट्टा

जळोचीच्या वखारीतली करवत बंद पडली तर बारामतीत किती जणांची चूल अडेल, हे कुणी लक्षात घेत नाही. कंपन्यांची यंत्रं ज्यात बसून जातात ती खोकी, डाळिंबाच्या पेट्या, माझ्यासारख्या सुताराच्या चौकटी, पोल्ट्रीतला भुसा, सगळं इथूनच निघतं. आपल्याकडे जंगल कुठलं? बांधावरची बाभूळ आणि कडुलिंब, हेच आमचं जंगल. ते चिरणारे सावळाराम तात्या.

तात्या मूळ कळसचे. शेती लेक विजयसिंह बघतो, हे आठवडाभर वखारीतच राहतात. माणूस तिरसट. मी फळी जरा जाड मागितली की म्हणणार, "तुझ्या बापानं लावलंय का झाड?" पण रविवार उजाडला की धुतलेला सदरा घालून कळसला पळायचे. त्यांची बायको, कौसल्याकाकू, वीसेक वर्षांपूर्वी वारल्या तेव्हा त्यांची रक्षा नदीत सोडली नाही. आमच्या भागात आता बरेच जण सोडत नाहीत. बांधाकडेला खड्डा घेऊन त्यात रक्षा ओतली आणि वर कडुलिंबाचं रोप लावलं. त्या झाडाखाली तात्या दिवसभर बसायचे, काकूंशी बोलायचे, म्हणे भांडायचेसुद्धा. "माझी बी राख हितंच टाका," एवढीच त्यांची इच्छा.

वखारीत त्यांचा एक नियम होता. आलेल्या ओंडक्याला गाव विचारायचं नाही. एकदा एक बाई आपल्या तोडलेल्या आंब्यामागे ट्रॅक्टरमधून आली आणि इथं ढसाढसा रडली. तेव्हापासून कुणी गावाचं नाव काढलं की तात्या खेकसायचे, "गप. हात थरथरला की बोट जातंय."

परवा मंगळवारी कडुलिंबाचे ओंडके आले. खोक्यांसाठी कंपनीची गाडी दारात उभी होती, म्हणून तात्यांनी ते लगेच करवतीवर घेतले. लाकूड सरळ, झकास. मी चौकटीसाठी दोन फळ्या बाजूला काढून घेतल्या. शेवटी बुंध्याचा ओंडका लावला. निम्मा चिरला असेल नसेल, काडकन आवाज झाला आणि करवतीचा फिरता पट्टा तुटला. आम्ही सगळे मागं उडालो. तात्या शिव्या देत खाली वाकले, "कुण्या गाढवानं खिळा ठोकलाय?"

खिळा नव्हता. लाकडाच्या पोटात लोखंडी पट्टी होती आणि तिला दाते होते. करवतीचाच जुना पट्टा.

तात्यांचा हात तिथंच थांबला. काकूंच्या रोपाला शेळ्या लागू नयेत म्हणून वखारीतल्या झिजलेल्या पट्ट्यांचं कुंपण त्यांनीच बांधलं होतं. ते सोडवायचं राहून गेलं आणि वाढत्या खोडानं गिळलं. असं कुंपण दुसऱ्या कुणाच्या झाडाला असणार? रविवारी तर तात्या त्याच्या सावलीत बसून आले होते.

त्यांना फोनही लावता येईना. मीच विजयसिंहाला लावला आणि तात्यांच्या कानाशी धरला.

"इजू, बांधावरचा लिंब?"

"काल तोडायला दिला की, तात्या. सावलीनं ऊस वाढत न्हाय. सगळीच झाडं उक्ती दिली."

"मला इचारलं का न्हाईस?"

"इचारलं आसतं तर दिऊ दिला आसता का तुमी?"

मला इतका संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. तात्यांचा आवाज मात्र खाली खाली चालला होता. "खोड तरी हाय का? लिंब फुटतोय परत."

"न्हाय. जेसीबीनं मुळासकट काढलं. माती पसरून सऱ्या बी पाडल्या."

"मग तुझी आई कुठं हाय रं?"

तिकडून फोन कट झाला. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल करवतीशेजारी अंथरला. करवतीखाली भुसा साचला होता, सकाळपासून चिरलेल्या सगळ्या झाडांचा. ते मांडी घालून बसले आणि राख सावडावी तसा दोन्ही हातांनी त्यातून लिंबाचा भुसा सावडू लागले. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. सावडायला माणसं लागतात, म्हणून मीही खाली बसलो.