लाकडी गाडी आणि सत्तावीस नियम

एखाद्या नियमावलीत अगदीच विचित्र नियम दिसला तर हसू नका. तसं कुणीतरी खरंच केलेलं असतं, आणि ते बघायला समितीतलं कुणीतरी समोर उभं असतं. आमच्या समितीत ते कुणीतरी म्हणजे मी.

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात दर हिवाळ्यात मुलांची लाकडी गाड्यांची शर्यत असते. मुलांनी घरी गाडी बनवायची, हॉलमध्ये प्लायवूडच्या उतारावरून सोडायची, खाली फरशीवर खडूची रेष. पहिल्या वर्षी नियम एकच होता. आता सत्तावीस झालेत.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष तात्या, बड्या बाजारातल्या जुन्या मराठी घराण्यातले, आयुष्यभर फिटरचं काम करून निवृत्त झालेले. दुसरे सुभेदार काटकर, मूळचे साताऱ्याचे, सध्या जवळच्या बबीन्याच्या छावणीत पोस्टिंग. आणि चिटणीस मी. माझी निवड अक्षर चांगलं म्हणून झाली.

* * *

पहिल्या वर्षीचा एकमेव नियम तात्यांनीच सांगितला होता. "वहिनी, लिहा. गाडी लाकडाची असावी आणि मुलाने स्वतः आणावी. बस."

"स्वतः बनवावी," मी म्हटलं.

"तेच. आणली म्हणजे बनवलीच असणार."

शर्यतीच्या दिवशी आठ वर्षांची ओवी आली. हातात लाटणं. आम्हाला वाटलं, आईने पुऱ्या लाटायला पाठवलं असेल. मी म्हटलं, "स्वयंपाक मागच्या बाजूला चाललाय बाळा."

ती म्हणाली, "ही माझी गाडी आहे."

तात्यांनी लाटणं हातात घेतलं, डोळ्यासमोर आडवं धरलं, फिरवलं. "चाकं कुठायत?"

"सगळं चाकच आहे," ओवी म्हणाली.

बाकी मुलांनी महिनाभर घासून-पुसून गाड्या आणल्या होत्या. कुणाच्या गाडीला खिडक्या, कुणाच्या गाडीवर तिरंगा. लाटणं उतारावर ठेवलं, सोडलं, आणि ते जे निघालं ते रेष ओलांडून, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पायांखालून, थेट चपलांपर्यंत गेलं. दुसऱ्या नंबरची गाडी तेव्हा अर्ध्या उतारावर होती.

पहिलं बक्षीस ओवीला द्यावं लागलं. बक्षीस घेताना तिची आई स्टेजजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता लाटणं देता का? कणीक सुकतेय."

दुसरा नियम: गाडीस किमान चार चाके असावीत.

* * *

पुढच्या वर्षी वजनाचा प्रश्न आला. जड गाडी जोरात जाते हे मुलांना फार लवकर कळलं. एकाने गाडीच्या पोटात दाराची जुनी बिजागरी भरली होती. मग ठरलं, सगळ्या गाड्या पाव किलोच्या आत. वजनकाटा कुणाकडे? प्रेम नगरमधल्या एका हलवायाकडे. तो म्हणाला, "भाभीजी, काँटा अकेला नहीं आएगा. साथ में मैं आऊँगा." आणि तो आला, पांढरा सदरा घालून, काटा कडेवरच्या मुलासारखा धरून.

वजन करायला त्यालाच बसवलं. मी नोंदवहीत नावं लिहीत होते. पहिल्या चार-पाच गाड्या ठीक झाल्या. मग प्रणवची गाडी आली. अगदी हलकी, दोनशे ग्रॅमच्याही आत. हलवायाने काट्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हात बाजूच्या डब्यात गेला. एक पेढा गाडीवर ठेवला. काटा हलला. अजून एक ठेवला. पाव किलो बरोबर झालं.

"हाँ, अब पूरा है," तो म्हणाला आणि पुढची गाडी घेतली.

प्रणवला वाटलं, असंच असतं. त्याने पेढ्यांसकट गाडी उतारावर लावली. गाडी सुटली, पण पेढे निम्म्यातच उतरले. मागून येणारी गाडी पहिल्या पेढ्यावर चढली आणि तिथेच बसली. तिसरी तिला येऊन चिकटली. सुभेदारांनी शिट्टी वाजवून शर्यत थांबवली आणि हलवायाला विचारलं, "ये आपने क्यों रखा?"

हलवाई खरोखर दुखावला. "साहब, मेरे काँटे से आज तक किसी को कम नहीं गया."

सुभेदारांनी उतारावरचा पेढा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. नवव्या नियमात लिहिलंय की गाडीवर खाद्यपदार्थ नसावा.

* * *

तात्यांचा मराठीचा आग्रह मोठा. इथे घरोघरी मुलांना मराठी समजते, पण तोंडात हिंदीच येते. "निदान शर्यत तरी मराठीत सुरू होऊ दे," ते म्हणायचे. म्हणून इशारा ठरला: एक, दोन, तीन, सोडा.

सहा मुलं उतारावर गाड्या धरून उभी होती. तात्यांनी छाती भरून घेतली. "एक. दोन. तीन. सोडा!"

बबीन्याहून आलेल्या, महाराष्ट्रातल्या फौजींच्या तीन मुलांनी गाड्या सोडल्या. झाशीच्या तिघांनी माना वळवून सरबताच्या टेबलाकडे बघितलं.

"अरे, सोडा म्हणतोय ना," तात्या म्हणाले.

त्यांचाच नातू होता त्या तिघांत. तो अदबीने म्हणाला, "दादाजी, पहले रेस हो जाए, फिर पी लेंगे."

आता हिरवा झेंडा असतो. तात्या तो दाखवतात, पण काही बोलत नाहीत.

* * *

'मुलाने स्वतः बनवावी' हे लिहिलं खरं, पण बनवतंय कोण ते गाड्या बघूनच कळायचं. सहा वर्षांच्या मुलाच्या गाडीला इतकं सफाईदार पॉलिश, की तात्या त्यात आपली मिशी बघायचे. मग सुभेदारांनी चौकशी सुरू केली. एकेक मूल खुर्चीवर, समोर सुभेदार.

आर्यन नावाच्या मुलाला त्यांनी विचारलं, "गाडी कोणी बनवली?"

"मी."

"करवत कुठल्या हातात धरलीस?"

आर्यनने थोडा विचार केला. "करवत पप्पांनी धरली. मला धरू नाही दिली."

"घासली कोणी?"

"पप्पांनी."

"रंग?"

"मी मागितला होता ब्रश. पप्पा म्हणाले, अगले साल."

मागे त्याचे वडील उभे होते. बँकेत अधिकारी, पन्नाशीकडे झुकलेले, टाय लावून आलेले. सुभेदारांनी त्यांच्याकडे बघितलं. ते काही सबब सांगतील असं आम्हाला वाटलं. ते म्हणाले, "साहेब, लहानपणी मला कुणी गाडी बनवू दिली नाही. अभ्यास कर म्हणायचे." आणि त्यांचे डोळे भरून आले. सुभेदारांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

त्या वर्षापासून आम्ही वडिलांचा वेगळा गट काढला. पहिल्याच वर्षी मुलांपेक्षा वडिलांचीच नावं जास्त आली. नियम मुलांनी करायचे असं ठरलं, आणि मुलांनी ते फार कडक केले. हरल्यावर रुसायचं नाही. एकमेकांच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत. भूक लागली तर आईला सांगायचं.

गेल्या वर्षी एका वडिलांची गाडी बाद झाली. तक्रार त्यांच्याच मुलीने केली होती. तिने नियम वाचून दाखवला: "गाडी वडिलांनी स्वतः बनवावी. मुलांची मदत घेऊ नये."

"काय मदत घेतली त्यांनी?" मी विचारलं.

"चाकं उलटी लावत होते. मला बघवेना."

* * *

एक वर्ष आम्ही रेषच काढली नाही. तात्यांची कल्पना. कोण आधी पोचतं यापेक्षा कोण लांब जातं ते बघू. नियम झाला: 'जी गाडी सर्वांत लांब जाईल ती पहिली.' उताराची उंची, प्लायवूडची जाडी, सगळं त्यात लिहिलं.

मऊरानीपूरहून मिहिर नावाचा मुलगा आजीबरोबर बसने आला. हॉलमध्ये शिरला तोच रडत. गाडी बसमध्ये सीटवर राहिली होती आणि बस पुढे गेली होती. आजी म्हणाली, "मी उतरताना पिशवी बघितली, नातू बघितला. गाडी कोण बघतं?"

तिकिटावर नंबर होता. सुभेदारांनी फोन लावला. कंडक्टर भला माणूस. म्हणाला, गाडी मिळाली, सांभाळून ठेवलीय, पण बस आता ग्वाल्हेरला पोचूनच थांबेल. दुपारी त्याने फोटो पाठवला. ग्वाल्हेरच्या बस स्टँडवर, बाकावर, मिहिरची पिवळी गाडी.

इकडे हॉलमध्ये शर्यत संपली होती. सर्वांत लांब गेलेली गाडी अकरा पावलं गेली होती. मी निकाल वाचायला उभी राहिले तेवढ्यात मिहिरने हात वर केला. रडणं थांबलं होतं.

"आंटी, माझी ग्वालियरला गेली."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून नियमावली घेतली, चष्मा लावला आणि दोनदा वाचली.

"तात्या, ती बसने गेली," सुभेदार म्हणाले.

"उतारावरून सोडायची असं कुठं लिहिलंय? उताराची उंची लिहिलीय."

"पण तात्या..."

"तुम्हीच सांगा सुभेदारसाहेब. अकरा पावलं लांब की ग्वाल्हेर लांब?"

सुभेदार फौजी माणूस. लेखी हुकूम त्यांनी कधी मोडला नाही. मिहिरला पहिला नंबर मिळाला. हरलेल्या मुलांपैकी एकानेही तक्रार केली नाही, सगळी त्या फोटोभोवती जमली होती. पुढच्या वर्षीपासून अंतर हॉलच्या आतच मोजलं जातं. तसा नियम आहे.

* * *

आणि सईची गाडी.

सई नऊ वर्षांची. वडील हवालदार, बबीन्याहून सीमेवर गेलेले, आई आणि ती इथे. गाडी तिने एकटीने बनवली होती, आणि ते दिसतही होतं. चारपैकी दोन चाकं गोल म्हणावीत अशी होती. संध्याकाळी वडिलांचा फोन येणार होता. "जिंकलीस का असं नाही विचारणार," ती मला म्हणाली. "पोचली का, एवढंच विचारणार."

साडेतीनला शेवटची फेरी सुटली. पाच गाड्या रेषेपार गेल्या. सईची डुगडुगत उतरली, फरशीवर आली, आणि रेषेच्या चार बोटं अलीकडे थांबली.

"थांबली," सुभेदार म्हणाले.

"नाही काका. हळू चाललीय."

तात्या गुडघ्यांवर बसले. पेन्सिलीने चाकाशी बारीक खूण केली. दहा मिनिटांनी पुन्हा वाकून बघितलं. खुणेच्या पुढे केसभर जागा झाली होती. फरशी धुताना पाणी जावं म्हणून तिला दाराकडे किंचित ढाळ आहे, त्याचा परिणाम असणार. "चाललीय," तात्या म्हणाले.

आमचा नियम स्पष्ट होता. गाडी पूर्ण थांबेपर्यंत तिला कोणी हात लावू नये आणि निकाल देऊ नये. आम्ही बसलो. पाचला सरबत संपलं. सुभेदार स्टॉपवॉच धरून उभेच होते. गाडी तीन बोटांवर आली होती.

हॉल आमच्याकडे चारपर्यंतच होता. संध्याकाळी तिथे लग्न. नवरीचे वडील आले, गळ्यात गमछा, मागे गालिचे घेतलेली माणसं. मी त्यांना सगळं सांगितलं, हात जोडून. त्यांनी गाडीकडे बघितलं, सईकडे बघितलं.

"कित्ती रै गई बिटिया?"

"तीन उंगल."

"सो का भओ. रुक जात हैं."

गालिचे गाडीच्या दोन्ही बाजूंना अंथरले गेले. मधे फरशीची एक पट्टी उघडी ठेवली. पाहुणे येत गेले, त्यांना सांगितलं जात होतं, ते पट्टी ओलांडून जात होते, बायका साड्या सावरून. सहाला सईच्या वडिलांचा फोन आला. तिची आई म्हणाली, "थांबा हो. अजून चाललीय." आणि फोन तसाच चालू ठेवून फरशीजवळ धरला.

तेवढ्यात बारात आली. बुंदेलखंडात वेळेवर आलेली ती पहिली बारात असावी. दारातच बँड लागला, ढोल घुमू लागला, फरशी थरथरली आणि गाडी चक्क दिसेल इतकी पुढे सरकली.

"बाहेरची मदत," सुभेदार म्हणाले.

तात्यांनी बाहेरच्या मदतीचा नियम काढला. "धक्का, दोरी, फुंकर, वारा. ढोल नाहीये."

नवरीचे वडील नवरदेवाच्या स्वागताला हार घेऊन दाराकडे निघाले होते, ते पट्टीपाशीच थबकले. पाहुणे, आचारी, गालिचेवाले, सगळे वाकले. दोन बोटं. एक बोट. ढोलवाल्याला कुणीतरी आत ओढून आणलं. पुढचं चाक रेषेला लागलं, अडलं, आणि पार झालं.

सुभेदारांनी घड्याळ बंद केलं. नवरीच्या वडिलांनी हातातला हार सईच्या गळ्यात घातला.

दारात नवरदेव मान पुढे करून उभा होता. पंडितजी घाईघाईने म्हणाले, "अरे जजमान, माला तो दूल्हे की थी."

"दूल्हा अबै आओ है, पंडितजी," ते म्हणाले. "बिटिया तो ढाई घंटा से चल रई."