बाजूले ढकल

“मांगं नोको ढकलू, बाजूले ढकल.” हे म्हणताना सर उजवा पाय बाजूला फेकून दाखवत. मग ते जिनिंगच्या फरशीवर असोत, पानठेल्यापाशी असोत, की लग्नात जेवणाच्या रांगेत. शेजारचा दचकून सरके. तुम्ही त्या वर्षांत अमरावतीत असाल, तर गुडघे वाकवून उगाच पाय झाडणारा हा उंच, सडसडीत माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि रस्ता बदलला असेल. मीही आधी तेच केलं.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, कारकून. सर अकोल्याचे, इथल्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. लग्न का केलं नाही, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. मालकाला गळ घालून त्यांनी कापूस टाकायची फरशी संध्याकाळपुरती मागून घेतली. कशासाठी, तर बर्फावरच्या हॉकीसाठी मुली तयार करायला. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीच्या ग्लासात पडणारा खडा. मालक पोट धरून हसला आणि त्याच भरात हो म्हणाला. अट एवढीच, की रोज फरशी झाडून द्यायची आणि कापूस आला की खाली करायची.

चार-सहा मुली यायच्या, चाकांचे स्केट बांधून. सर फरशीवर मैदान आखायची पांढरी फक्की भुरभुरत आणि त्यावरून एकेकीला जोरात सोडत. मग कमरेत वाकून चाकांच्या रेघा बघत फिरत, हरवलेली अंगठी शोधावी तसे. पाय मागे रेटला की पोरगी नुसती दमते. बाजूला रेटला की रेघ तिरपी उमटते आणि वेग येतो. चाक असो की बर्फ, त्यांच्या मते सगळी विद्या एवढीच.

मुली गेल्या की एवढ्या मोठ्या फरशीवर ते आणि खराटा. वैशालीच्या रेघा ते सगळ्यांत शेवटी झाडत. भातकुलीकडच्या कास्तकाराची ही मुलगी सगळ्यांत वेगवान. नागपूरच्या चाचणीत ती निवडली जावी आणि थंडीत पहाडातल्या खऱ्या बर्फावर जावी, याशिवाय सरांना या जगात दुसरं काही नको होतं.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. बोंडं किडायची, पाऊस दगा द्यायचा, पेपर उघडावासा वाटायचा नाही. जिनिंगमध्ये भरदुपारी कबुतरं फिरत. मला काम नव्हतं, म्हणून सरांना फरशी होती.

शाळेतून येताना ते माझ्या खिडकीशी थांबून विचारत, कापसाच्या गाड्या येऊन राहिल्या का. मी नाही म्हटलं की चेहरा उजळायचा आणि लगेच पडायचा. एकदा खिडकीचे गज धरून म्हणाले, “बाबूजी, तुमी नाई म्हनलं की मले बरं वाटते. अन् बरं वाटते याचीच शरम वाटते.” मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

मग एका साली कापूस आला, तोही नेमका चाचणीच्या तोंडावर. गेटबाहेर गाड्यांची रांग लागली. रांगेत वैशालीच्या वडिलांचीही गाडी होती. मालक खुशीत होता. मी म्हटलं, सर, शब्द टाका, चाचणीपर्यंत एक कोपरा सोडेल.

“तिच्या बापाचा कापूस मातीत टाकू का, बाबूजी?”

स्वतःच गोलचे खांब उचलून त्यांनी भिंतीला टेकवले. फरशी कडेपर्यंत झाडली आणि पहिली गाडी हाताने खूण करून आत घेतली.

उरलेले दिवस त्यांनी गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या एका लेआउटच्या डांबरी रस्त्यावर काढले. चाकं झिजली, वैशालीचे गुडघे सोलून निघाले. मला वाटलं, गेलं सगळं. पण पोरगी निवडली गेली. बर्फाच्या नावानं सरांनी अख्ख्या जिनिंगला संत्राबर्फी वाटली. पहाडात मुलींसोबत शिक्षिकाच जायच्या, म्हणून ते इथेच राहिले. फरशीवर कापसाची गंजी होती, तरी संध्याकाळ झाली की येत आणि माझ्या टेबलाशी स्टुलावर बसत.

एका संध्याकाळी पहाडातून ऑफिसच्या फोनवर वैशाली आली. आवाज एवढा खणखणीत, की मलाही ऐकू येत होता.

“सर, अठी फक्की लागतच नाई. रेघ आपोआप उमटते.”

“तिरपी हाये ना?”

“तिरपीच हाये, सर.”

सरांनी स्टूल फोनजवळ ओढलं. मग त्यांनी विचारलं, “अन् झाडते कोन?”

“कोनी नाई झाडत. रात्री पानी टाकतात, सकाळी पुन्ना कोरं होते.”

“असं,” सर म्हणाले. “म्हंजे कोनाले मांगं थांबा लागत नाई.”

पुढच्या साली त्यांची अकोल्याला बदली झाली आणि तिथेच ते वारले. मला वैशालीने कळवलं. जिनिंगही विकली गेली. फरशी फोडायला मजूर आले तेव्हा मी उगाच जाऊन उभा राहिलो. सरांनी भिंतीला टेकवलेले गोलचे खांब मजुरांनी उचलले. त्या खांबांमागे खराटा पोचला नव्हता. तिथे फक्कीत उमटलेली चाकाची एक रेघ राहून गेली होती. तिरपी.

मी पुढे झालो. मजुराला म्हटलं, तेवढा कोपरा शेवटी फोड.