देवरीचं भाड्याचं घर आणि तांदळाचे दोन दाणे

आधीच सांगते, अमानवीय वगैरे मानणारी मी बाई नाही. या धाग्यावरचे अनुभव मी जेवताना वाचते आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात 'उंदीर असेल' असा शेरा मारते. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले तर जरा लाजच वाटतेय... पण लिहितेच.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी बदली सालेकसा तालुक्यातून देवरीला झाली. घरी मी आणि माय, दोघीच. काचबिंदूने मायची नजर पूर्ण गेलीय. तरी गावच्या घरात ती चुलीपासून विहिरीपर्यंत बिनकाठीची फिरते. परक्या घरात आपण खाटेलाच खिळून राहू, ही तिची धास्ती. रोज ये-जा मला जमणारी नव्हती, तिला एकटी ठेवणं शक्य नव्हतं आणि नोकरी सोडली तर खायचं काय? शेवटी ती म्हणाली, "एक दिवस येतो तुह्यासंगं. मन लागलं तं ठीक. नाही तं तू जाय, मी याच घरी राहीन."

म्हणजे जे काही करायचं ते एका दिवसात. मी तयारीला लागले — आणि तयारी हा माझा रोगच आहे! घरमालकांना आदल्या दिवशीच फोन : संडास घरातच आहे ना, उंबरठा केवढा, पाणी कधी येतं. पिशवीत मोजायचा टेप, टॉर्च, प्रत्येक प्लग तपासायला जुना चार्जर, फरशीचा उतार बघायला एक गोटी, मायच्या बीपीच्या गोळ्या, पाणी, चिवडा. मायची तयारी एवढीच — पदराच्या गाठीत तांदूळ आणि पिशवीत पळसाचे द्रोण.

आमच्या गोंड घरात ही जुनी रीत आहे. नव्या घरात जिथे चूल मांडणार, तिथे तांदळाचे दोन दाणे एकमेकांना टेकवून ठेवायचे आणि वर द्रोण झाकायचा. नंतर बघायचं. दाणे जोडलेले असले तर घर आपलं, दूर झाले तर दुसरं शोधायचं. खरं तर रात्रभर ठेवतात, पण आमच्याकडे तेवढा वेळ कुठला?

"माय, आता मुंग्या ठरवणार का आपलं घर?" मी म्हटलं.

"तू गोटीवर ठरवून राहिली ना? मंग मले कायले हासतेस?"

पहिल्या घराला जिनाच एवढा उभा, की मी मायला खालूनच परत आणलं. दुसऱ्या घरात चार्जर लावताच ठिणगी उडाली. तिसरं घर देवरीच्या टोकाला, नवंकोरं. मालकीणकाकू अंगणात उभ्याच होत्या. "अभी तक कोई रहा नहीं यहाँ, बाई. तुम्हीच पहिल्या."

तोवर ऊन चढलं होतं. माय थकली आणि बाहेर वऱ्हांड्यातच बसली. "तूच ठेव दाणे. जेवून आल्यावर मी पाहीन."

मी आत गेले. काकूंनी स्वयंपाकघर नुकतंच धुतलं होतं, तिथे पाणीच पाणी. म्हणून मी दाणे मागच्या खोलीत, खिडकीखाली ठेवले. मायला काही सांगितलं नाही. तिला भूक लागली होती आणि मलाही. काकूंनी कुलूप लावलं आणि आम्ही हायवेवरच्या ढाब्यावर जेवून आलो.

परत आल्यावर काकूंनी कुलूप काढलं आणि बोअरचा पंप दाखवायला मला घरामागे नेलं. "माय, इथंच बस हं, आलेच मी." पंप चालू करून, पाण्याची चव घेऊन आम्ही दोघी परतलो, तर वऱ्हांडा रिकामा! काठी भिंतीला टेकवलेली.

त्या घरात मागच्या खोलीकडे जाताना एक खोल पायरी आहे आणि तिच्या शेजारीच सिमेंटचा खांब. मी आत धावले. माय मागच्या खोलीत, खिडकीखाली मांडी घालून बसली होती. द्रोण बाजूला काढलेला, बोट फरशीवर.

"जोडून हायेत," ती हसून म्हणाली.

"तू इथवर आलीस कशी?"

"कशी म्हंजे? तूच तं आणलं हात धरून. पायरीपाशी थांबवलं, मंग हळूच उतरवलं."

काकू माझ्या मागेच होत्या. त्या पुटपुटल्या, "ये तो मेरे साथ थी, माँजी..."

माय आपलाच तळवा चोळत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती म्हणून नव्हती. मग म्हणाली, "ज्याचा असंल त्याचा असो. हात मायेचा होता. हेच घर घे."

मी नंतर खूप चौकशी केली. आधी तिथे नुसतं शेत होतं. त्या दुपारी शेजारपाजारचं कोणी आलं नव्हतं. मैत्रीण म्हणते, दाणे ठेवतानाच्या तुझ्या पावलांच्या आवाजावरून मायने अंदाज बांधला असेल. असेलही. पण अंदाजाने गेली असती तर माय स्वयंपाकघरात गेली असती. दाणे चुलीच्या जागी ठेवतात हे तिनेच मला शिकवलंय. खरं सांगू? मी आता उत्तर शोधतही नाही.

आम्ही तेच घर घेतलं. परवा ऑफिसातून यायला उशीर झाला. दार आतून बंद होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात कडी निघाली. दारात माय एकटीच उभी होती.

"इतका उशीर काऊन? भात थंडा होऊन राहिला," म्हणाली, आणि वळून माझ्यापुढे बिनकाठीची तरातरा आत निघूनही गेली.