दिलीपला वगळून

सकाळी बाल्कनीतून खाली पाहिलं, तर दिलीप सायकल उलटी करून साखळीला तेल देत होता. मला पाहताच ओरडला, "रविवारी धरणापर्यंत ना रे? परत येताना अंधार पडेल, म्हणून दिवाही बसवतोय!"

मी हसून मान हलवली आणि माझाच संताप आला.

राइड शनिवारी ठरली होती. दिलीपचा गुडघा दुखतो, तो सारखा थांबतो, म्हणून आम्ही चौघांनी त्याला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढला. "त्याला नेलं तर मिसळ रात्री खायला लागेल," असं एकाने तिथे लिहिलं, आणि मी त्यावर हसरा चेहरा टाकला. जुन्या ग्रुपवर रविवार तसाच ठेवला. आपल्याकडे तोंडावर 'नको' म्हणणं उद्धटपणाचं ठरतं. मग माणसाला रविवारी धरणाकडे जाणाऱ्या कालव्याच्या रस्त्यावर गुपचूप एकटं सोडायचं, आणि याला म्हणायचं मन न दुखावणं! किळस येते या सभ्यपणाची. कालव्याकाठची ती सावली, ती शांतता आम्ही कुठल्या तोंडाने अनुभवणार होतो?

खाली गेलो. "राइड शनिवारी आहे," मी म्हणालो.

"अरे, मग ग्रुपवर कुणी टाकलं कसं नाही? लेकाचे मला टाळतायत की काय?"

"हो. मीसुद्धा."

तो तेलकट बोटं फडक्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "किती वाजता निघायचंय?"

एखादी शिवी तरी घालायचीस रे, दिलीप!