निव्वळ ज्वारीची भाकरी

नवरा गेल्यावर मी मुखेड सोडून लातूरला आले आणि एका खाणावळीला रोज भाकरी थापून देऊ लागले. घरात एकच तवा होता. आजच्या भाकरी विकल्या तरच उद्याचं पीठ यायचं.

एके दिवशी खाणावळवाले म्हणाले, "बाई, ज्वारी लई महाग झालीय. पिठात रेशनच्या तांदळाचं पीठ मिसळत जा. कुणाला कळत न्हाई."

"कळतंय मालक, पहिल्याच घासाला कळतंय," मी म्हणाले. "तसली भाकरी मी करणार न्हाई."

त्यांनी त्या दिवसाच्या भाकरी तशाच परत केल्या. टोपली डोक्यावर घेऊन मी बाहेर पडले. घरी जाऊन रडण्यापेक्षा मी सरळ जवळच्या एका शिकवणीच्या क्लासपाशी गेले. दुपारची सुट्टी झाली होती. फडकं बाजूला सारून उभी राहिले, पण हाक मारायची लाज वाटत होती.

एक मुलगी आपणहून थांबली. "मावशी, ज्वारीची हाय का?"

"हाव, निव्वळ ज्वारीची. खाऊन बघ."

माझ्या डब्यातला ठेचा लावून तिने उभ्या उभ्या एक भाकरी संपवली आणि मैत्रिणींना बोलावून आणलं. ती हदगावकडची होती, होस्टेलच्या पोळ्यांना कंटाळलेली. बघता बघता टोपली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच मोठ्याने हाक दिली. आता गल्लीतल्या दोघीजणी माझ्यासोबत भाकरी थापतात. डोक्यावरचा पत्रा अजून गळतो, पण सकाळी चूल पेटवताना उद्याच्या पिठाची काळजी नसते.