चार नंबरचा चॅनल

गिटार तिसऱ्यांदा गप्प झाली तेव्हा मंडप निम्मा भरला होता.

"अबे, आता काय झालं?" संजू स्टेजवरून ओरडला. संजू आमच्या ऑर्केस्ट्राचा गिटारिस्ट. एरवी शेगावला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. मी साउंड सांभाळतो.

जळगाव जामोदच्या अलीकडच्या एका गावात कापसाच्या बियाण्याच्या कंपनीचा शेतकरी मेळावा होता. बीटी कपाशीचं नवं वाण, भाषणं, प्रश्नोत्तरं आणि मधे मधे आमची गाणी. गाण्यांशिवाय लोक बसत नाहीत, हे कंपनीला पक्कं माहीत होतं.

संजूची गिटार वायरलेस होती. त्याच्या पट्ट्याला काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा ट्रान्समीटर. गिटारमधून एक छोटी वायर त्यात जाते. तो आवाज हवेतून सोडतो. स्टेजखाली माझ्या टेबलावर रिसीव्हर असतो. तो हवेतला आवाज पकडतो आणि मिक्सरला देतो. मग संजू वायरमध्ये पाय न अडकता नाचू शकतो. कंपनीच्या एरिया मॅनेजरला नाचणारा गिटारिस्टच हवा होता.

अशा वेळी शोध संजूपासून माझ्या टेबलाकडे घ्यायचा असतो. आधी सेल बदलले. खरखर तशीच. मग ट्रान्समीटर काढून गिटारला साधी लांब वायर लावली. आवाज स्वच्छ. म्हणजे गिटार ठीक, बिघाड हवेत. रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना उभ्या केल्या, लोखंडी खांबापासून दूर सरकवल्या. थोडा फरक पडला. तेवढ्यात स्टेजमागची मोठी एलईडी स्क्रीन कुणीतरी बंद केली आणि खरखर थांबली. चालू केली, परत सुरू. चोर सापडला. स्वस्त स्क्रीन हवेत कचरा सोडते. पण त्या स्क्रीनवर कंपनीचं बोंड फुलत होतं, ती बंद कोण करणार?

उरला एक उपाय, चॅनल बदलायचा. आमच्या संचाला आठ चॅनल होते. रेडिओवर स्टेशन बदलावं तसं रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्ही एका नंबरवर आणायचे. मी एकेक नंबर फिरवून पाहू लागलो.

तेव्हा रफिकचाचा टेबलापाशी आले. मंडप त्यांचा. प्रश्नोत्तरांचा कॉर्डलेस माईकही त्यांचाच. तो संच आणि आमचा गिटारचा संच एकाच कंपनीचा होता.

"भाऊ, माह्या कॉर्डलेसचं जरा..."

"चाचा, तुम्ही खांब-पडदे पाहा. साउंड मी पाहतो."

मी मान वरसुद्धा केली नाही. माझ्याकडे डिप्लोमा होता. ते निमूट निघून गेले.

चार नंबर एकदम शांत निघाला. मी गिटार चारवर बसवली. सूर काचेसारखा आला. संजूने अंगठा दाखवला. मग मी आमच्या धंद्यातली रीत पाळली. नाचताना ट्रान्समीटरचं बटण घसरून बंद होतं, म्हणून ते चालू करून वरून काळी चिकटपट्टी मारतात. मी ती घट्ट मारली.

चार नंबर शांत का होता? चाचांचा माईक चारवर होता, आणि सेल वाचावेत म्हणून त्यांनी तो बंद करून डब्यात ठेवला होता. तेच ते मला सांगायला आले होते.

भाषणं झाली. दोन गाणी झाली. मग प्रश्नोत्तरं. संजू गिटार गळ्यातच ठेवून पडद्यामागे चहाला बसला. मी मिक्सरवर गिटारचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढली. गिटार बंद, असं समजलो. प्रत्यक्षात बंद झाला होता फक्त मिक्सरवरचा आवाज. संजूच्या पट्ट्यावरचा ट्रान्समीटर हवेत चारवरच चालू होता. चिकटपट्टीखाली.

चाचांनी टेबलापाशीच माईक चालू केला. हॅलो हॅलो खणखणीत आलं. पहिल्या रांगेत बियाण्यांचे डीलर आणि मोठे बागायतदार बसले होते. त्यांचे दोन प्रश्न झाले. दोन्ही कौतुकाचेच. शब्द न् शब्द ऐकू आला.

मग माईक मागे, बायकांच्या बाजूला गेला.

एक बाई उठल्या. पंचेचाळिशीच्या असतील. पदराच्या ओटीत काहीतरी बांधलेलं. त्यांचं नाव सुमनबाई, हे मला नंतर कळलं. स्टेजवर कृषी खात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून बसले होते. बाई त्यांच्याकडे पाहूनच बोलल्या.

"साहेब, मी या बोंडाइले घरून घेऊन आली. बाहेरून हिरवीगार हायेत. फोडली का आत गुलाबी अळी निंगते. पाकिटावर त लिहेल होतं का अळी..."

तिथून पुढे सूं असा आवाज आला आणि बाई गायब झाल्या. म्हणजे तोंड हलत होतं, हात हलत होता, आवाज नव्हता.

"काय म्हने? ऐकू येऊन नाई राह्यलं!" पुढून कोणीतरी ओरडलं.

"बाई, माईक तोंडाजौळ धर!"

"अळी माईकात गेली वाट्टे!"

मंडप हसला. बाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला. एक शिट्टी वाजली. परत काही नाही. त्यांनी माईक खाली करून तसंच ओरडून पाहिलं, पण जनरेटर बायकांच्या बाजूलाच लावला होता. त्याच्या धडधडीत त्यांचं बोलणं शेजारच्या दोन ओळींपलीकडे जात नव्हतं.

चाचा नवे सेल घेऊन धावले. त्यांनी माईक बंद केला, झाकण उघडलं.

त्या क्षणी मी माईकच्या रिसीव्हरकडे पाहिलं. माईक हवेत काही सोडत असेल तरच त्याचा हिरवा दिवा लागतो. माईकचे सेल चाचांच्या तळहातावर होते. दिवा मात्र जळत होता.

मला सगळं कळलं. एक चॅनल, दोन ट्रान्समीटर. रिसीव्हर जवळच्याचं ऐकतो. संजू पडद्यामागे, रिसीव्हरपासून दहा पावलांवर. बाई दीडशे फुटांवर. पहिल्या रांगेतला माईक संजूला हरवत होता, शेवटच्या रांगेतला हरत होता. संजूने गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवला होता, म्हणून गिटार ऐकू येत नव्हती. ती नुसती जागा अडवून बसली होती.

उपाय अगदी सोपा होता. दहा पावलं चालायचं आणि ट्रान्समीटरचे सेल काढायचे. नाहीतर तिथूनच हाक मारायची, "संजू, सेल काढ."

एरिया मॅनेजर माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. पुढच्या बारा मेळाव्यांचं काम ते त्या दिवशी ठरवणार होते.

"काय प्रॉब्लेम आहे?"

"मंडपवाल्याचा माईक आहे, सर," मी म्हणालो. "लोकल."

चाचा परत येऊन माझ्या मागे उभे होते. त्यांनी ऐकलं.

मॅनेजरच्या चेहऱ्यावर राग आला नाही. सुटका झाल्यासारखं दिसलं. "असू द्या. तसाही वेळ झालाय. गाणं घ्या."

मी गाणं घेतलं. संजू उडी मारून स्टेजवर आला. मी फेडर वर केला. गिटार इतकी स्वच्छ मी क्वचित ऐकवली असेल. बाई अजून उभ्या होत्या. ओटी सोडून त्यांनी दोन बोंडं हातात घेतली होती आणि हात वर धरला होता. इतक्या लांबून ती फुलं आहेत की काय, असं वाटलं असतं. गाणं संपेस्तोवर साहेब पुढच्या गावच्या कार्यक्रमाला निघून गेले. त्यांचा दोष नाही. बाईंना काय हवं होतं ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

इथे मला एक कबूल करायचं आहे. माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील शेतकऱ्यांच्या सभांची पत्रकं छापून आणायचे, मी सायकलवर वाटायचो. मोठा झाल्यावर मी स्वतः लिहू लागलो. बियाणं कंपन्या, त्यांची पाकिटं, त्यांची आश्वासनं, सगळ्यांवर लिहिलं. शेतकऱ्याचा आवाज दाबला जातो, हे वाक्य तर मी किती वेळा लिहिलं त्याचा हिशोब नाही. दाबणारा कसा दिसतो ते मात्र कधी लिहिलं नव्हतं. मला वाटायचं तो गाडीतून येतो, गॉगल लावतो. तो मिक्सरच्या मागे बसतो आणि त्याच्या खिशात स्वतःचीच पत्रकं असतात, हे मला त्या दुपारी कळलं.

सामान भरताना चाचा आले. मॅनेजरने त्यांना पुढच्या मेळाव्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"भाऊ, माईकाचे सेल माह्या हातात होते, तवा दिवा लागूनच होता."

मी वायर गुंडाळत राहिलो.

"तुमी बी पाह्यला, मी बी पाह्यला. तुमी शिकेल हा, तुमाले त माह्या आधी समजलं असंल."

"चाचा, चूक झाली."

"चूक त चॅनलची झाली. ते कोनाच्यानंबी होते. मांगून जे बोलले, ते काय होतं?"

मी म्हणालो, मी मॅनेजरला फोन करून सांगतो.

"सांगा नाईतर नका सांगू. मले लग्नाचे मंडप लय. त्या बाईचं काय करता ते पाहा. तिच्या वावरातली पऱ्हाटी ती उपटून राह्यली, हरबरा पेराले. साहेबानं त्याच्या आंधी येऊन पाहावं, एवढंच तिले म्हनाचं होतं. मांगच्या बाया सांगत होत्या."

मॅनेजरला मी त्या संध्याकाळी फोन केला. दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "अहो, झालं ते बरंच झालं. कशाला उकरता?" फोन करून मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणावर मी तीन दिवस काढले. मिळालेल्या कामातले दोन मेळावे होते, वेळ नव्हता, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर बाईंसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

चौथ्या दिवशी त्यांच्या गावी गेलो. वावर रिकामं होतं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या झाडांचे, ढीग बांधावर लागले होते. दोन एकरांत पेरणीची तिफण फिरून गेली होती.

सुमनबाई बांधावर पऱ्हाट्या रचत होत्या. मी कोण ते सांगितलं.

"मशीनवर बसेल होते ते?"

"हो."

"मले वाटलं मलेच माईक धरता नाई आला," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर हे म्हने, गावासमोर हसू करून आली. सासू म्हने, कोनं सांगतलं होतं उभं राह्याले."

"तुमची काही चूक नव्हती, ताई. माझी होती." मी सगळं सांगितलं. चॅनल, दिवा, दहा पावलं. मॅनेजरला काय म्हणालो तेही.

त्यांनी हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकली.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

बारा मेळाव्यांचं काम हे उत्तर होतं, पण ते तिथे उभं राहून उच्चारता येईना.

"चार दिवस थांबली असती मी," त्या म्हणाल्या. "साहेब येतो म्हनले असते, त थांबलीच असती. आता वावरातली ओल चालली होती. चना त पेरा लागते ना, भाऊ?"

"आता काय करू सांगा."

"लिहून दे. जे आता सांगतलं ते. अन् माह्या घरी चाल, सासूसमोर सांग."

सासूसमोर सांगितलं. त्यांच्या नवऱ्यासमोर सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग कागदावर लिहून सही केली. बाईंनी खाली आपली सही केली, सावकाश, एकेक अक्षर. राहिलेली बोंडं, बियाण्याचं पाकीट आणि तो कागद घेऊन आम्ही दोघं कृषी खात्याच्या त्या साहेबांना भेटलो. त्यांनी बोंड फोडलं, अळी पाहिली, कागद दोनदा वाचला. म्हणाले, "उभं पीक पाहिल्याशिवाय पंचनामा होत नाही. ढीग पाहून काय लिहू?" अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. त्या वावराचा पंचनामा झाला नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी पोचेचा कागद ओटीत बांधला. मला म्हणाल्या, "तू जाय. मी येईन बसनं."

कंपनीने आम्हाला पुढे बोलावलं नाही. माझ्या कागदाची बातमी मॅनेजरपर्यंत पोचली होती. संजू महिनाभर बोलत नव्हता. चाचांनाही काम परत मिळालं नाही. माझ्या खरं बोलण्याचा उपयोग झाला असेल तर एवढाच, की माईक बाईंनी नीट धरला होता हे त्या घराला कळलं.

साउंडचं काम मी अजून करतो. गिटारचा ट्रान्समीटर कुठल्या नंबरवर ठेवायचा ते आता सुरुवातीलाच मंडपवाल्याला विचारून ठरवतो. आणि कॉर्डलेस माईक टेबलापाशी तपासत नाही. बाकीचे सगळे संच चालू ठेवतो, माईक घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत चालत जातो आणि तिथून बोलून पाहतो. पहिल्या रांगेत कुठलाही माईक चालतो.