खोडलेलं वाक्य

"येशू हिंदुस्थानात येऊन बुद्धाची शिकवण घेऊन गेला," हे माझ्या भाषणातलं सगळ्यात झकास वाक्य. बाबांनी ते लाल पेन्सिलीने खोडलं. "पुरावा?" एवढंच म्हणाले.

दहिसरच्या आमच्या विहारात ही रीतच होती. रविवारी वंदना झाली की कुणीही उठून बोलायचं आणि कुणीही हात वर करून पुरावा मागायचा. देता आला नाही तर वाक्य मागे घेऊनच खाली बसायचं. बाबा कारखान्यात फिटर. नट स्वतःच्या हाताने आवळून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वासच बसायचा नाही, मग माझ्यावर काय बसणार! मी मात्र धुसफुसत होते. वर्गातली एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुमचा धर्म काय गं, कालचा!" तिची बोलती बंद करायची होती मला. म्हणून तर बोरिवलीतल्या आमच्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी हट्टाने हा विषय घेतला: ख्रिस्ती धर्माच्या उगमाशी बुद्धाचा विचार पोचला होता का?

स्पर्धेत रंग भरला. अशोकाने ग्रीक राजांकडे दूत धाडले, ते दगडात कोरलेलं आहे, हे सांगितलं. घरदार सोडलेले साधू, वैऱ्यावरही प्रेम, हे दोन्हीकडे कसं सापडतं तेही सांगितलं. टाळ्या पडल्या आणि माझी जीभ सुटली. ते खोडलेलं वाक्य बोलून गेले! हॉल दणाणला. ती मुलगीसुद्धा टाळ्या वाजवत होती. मागच्या बाकावर बाबांनी मान खाली घातली.

परीक्षक म्हणजे गोराईचे निवृत्त मास्तर, स्वतः ख्रिस्ती. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाळ, त्या शेवटच्या वाक्याला पुरावा?"

लागली वाट! थाप मारली असती तर खपलीही असती. पण बाबा बघत होते.

"नाही, सर. टाळ्यांसाठी बोलले. मागे घेते." मग पुढे म्हटलं, "पण अशोकाचा दगड मागे घेणार नाही. इथून जवळच, सोपाऱ्याहून, पश्चिमेला गलबतं जायची. विचारही गेला असेल. गेलाच, असं नाही म्हणत मी."

पहिलं बक्षीस मलाच मिळालं! ती मुलगी धावत आली, "भारी बोललीस यार!" मी म्हटलं, "कालचा धर्म ना गं आमचा?" ती ओशाळून हसली. काय बरं वाटलं मला, सांगते!

 पुढच्या रविवारी बाबांनी मला विहारात उभं केलं आणि सगळं भाषण पुन्हा करायला लावलं. मास्तरांनाही त्यांनीच बोलावलं होतं. ते तरीने खाडी ओलांडून आले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. मी अशोकाच्या दगडाशी आले तसा मास्तरांचा हात वर गेला. "पुरावा?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच उठले. वर्षानुवर्षं सगळ्यांकडे पुरावा मागणारे माझे बाबा.

"तिच्याकडे आहे, मास्तर. ऐका."

मला रडूच येत होतं, पण उत्तर द्यायचं होतं.